उद्या पाणी येणार नाही

आमच्या भावोजींनी स्वतः खात्री करून घेतल्याशिवाय कामतघर वस्तीत आजवर एकही माणूस मेलेला नाही. माणूस जातो, घरचे हंबरडा फोडतात, डॉक्टर दाखला देतात, पण भावोजी जोवर त्या घराच्या दाराशी चपला काढून, आत डोकावून, "कधी झालं? जवळ कोण होतं?" असं दबक्या आवाजात विचारून बाहेर येत नाहीत, तोवर ती बातमी आमच्या वस्तीच्या वेबसाइटवर चढत नाही. आणि वेबसाइटवर चढत नाही तोवर कल्याण-उल्हासनगरचे पाहुणे घरातून निघत नाहीत, कारण मोबाइलवर आलेल्या बातमीवर आमच्याकडे कोणाचाच विश्वास नाही. एकदा कोणीतरी फोन केला की पलीकडच्या गल्लीतले म्हातारे शिंपीकाका गेले. भावोजी पांढरा शर्ट घालून निघाले. दार उघडलं ते शिंपीकाकांनीच. दुसरा कोणी असता तर गडबडला असता. भावोजी आत गेले, बसले, चहा प्यायले आणि घरी येऊन माझ्या बहिणीला म्हणाले, "बातमी खोटी निघाली." त्या वाक्यात आनंद होता की थोडी निराशा, हे ताईला कधीच ठरवता आलं नाही.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सारी नोकरी त्यांनी वीज खात्यात मीटरचं रीडिंग घेण्यात काढली, आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही ही खोड तिथलीच. घराला कुलूप असलं की बाकीचे अंदाजे आकडा टाकून मोकळे व्हायचे. भावोजी शेजारच्या घरातून स्टूल मागून, खिडकीतून मान तिरकी करून मीटर वाचायचे. लोकांनी त्यांना एकदा चोर समजून धरलंही होतं. निवृत्त झाल्यावर मीटर सुटले, पण मान तिरकी ती तिरकीच राहिली. मग त्यांनी वस्तीची वेबसाइट काढली. विहारातले कार्यक्रम, लग्नं, बारशी, दहावी-बारावीचे निकाल, कोण गेलं, कोणाला रक्त हवंय, पाणी कधी येणार, असं सगळं तिच्यावर. बाळ झाल्याची बातमी ते बाळ पाहून टाकत. लग्नाची बातमी जेवून आल्यावर. निकालासाठी मुलांना गुणपत्रिका घेऊन घरी यावं लागे. पाण्याच्या बातमीसाठी ते टाकीपर्यंत चालत जाऊन व्हॉल्व्हवाल्यालाच विचारत, "पक्का ना भाई? नहीं आएगा ना?" तो वैतागून म्हणे, "अरे काका, आप ही आके खोल लो ना!"

ही वेबसाइट बाहेर कुठल्या कंपनीकडे ठेवायला त्यांनी साफ नकार दिला. "आपल्या माणसांचे फोटो परक्याच्या घरी कशाला?" असं त्यांचं म्हणणं. तेव्हा एका ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याने जुन्या कॉम्प्युटरचा डबा जोडून त्याचा सर्व्हर करून दिला आणि तो स्वयंपाकघराच्या फडताळात, पिठाच्या डब्याशेजारी, रात्रंदिवस चालू राहिला. आता भावोजींच्या स्वयंपाकघराची भिंत म्हणजे पलीकडच्या यंत्रमागाच्या कारखान्याची भिंत. लूम चालू असले की फडताळातली भांडी आपोआप थोडी थोडी पुढे सरकत येतात. ताई दर दोन-चार दिवसांनी ती मागे ढकलायची. डब्याला हादरे बसू नयेत म्हणून भावोजींनी त्याच्याखाली घडी घालून गोधडी ठेवली, आणि कापसाची तूस आत जाऊ नये म्हणून वरून ताईचं जुनं सुती पातळ पांघरलं. आम्ही हसलो की म्हणायचे, "हसा. आत अख्खी वस्ती झोपलीय."

त्या वेबसाइटवर एक बटण होतं, ‘ऐका’. ते ताईसाठी होतं, किंवा खरं म्हणजे ताईमुळे होतं. ताई म्हणाली होती, "तुमच्या बातम्या वाचणार कोण? माझ्या अर्ध्या मैत्रिणींना अक्षर येत नाही." मग दर शुक्रवारी ती बातम्या वाचायची आणि भावोजी रेकॉर्ड करायचे. शुक्रवारीच, कारण त्या दिवशी लूम बंद असतात. पण जन्मभर लूमवर मात करून बोलायची सवय असलेली ताई शांततेतही ओरडायची. भावोजी हाताने खूण करायचे, हळू, हळू. ती वाचता वाचताच म्हणायची, "हळू बोलले तर मलाच ऐकू यायचं न्हाय!" आणि ते तसंच रेकॉर्ड व्हायचं. भावोजी मग बसून तेवढे तुकडे कापायचे. "दूध उतू गेलं वाटतं", "थांबा, दारात कोण आलंय" हे सगळं बातमीत बसत नाही, असा त्यांचा नियम होता.

तीन वर्षांपूर्वी ताई गेली. तेवढ्या एकाच बातमीची भावोजींना बाहेर जाऊन खात्री करावी लागली नाही. तरी त्यांनी ती तेराव्या दिवसापर्यंत टाकली नाही, आणि कोणी विचारलंही नाही. त्यानंतर ‘ऐका’वर नवं काही आलं नाही. दर शुक्रवारी लूम थांबले की भावोजी फडताळासमोर पाट टाकून बसायचे आणि तिच्या जुन्या बातम्या ऐकायचे. कोणाचं लग्न, कोणाचं बारसं, कुठे रक्तदान शिबिर. मी एकदा अचानक गेले तर म्हणाले, "आवाज तपासत होतो, धाकट्या बाई." मला ते याच नावाने हाक मारतात.

असाच एक शुक्रवार. लूम बंद झाले आणि भावोजींना टक्‌टक्‌ असा आवाज ऐकू आला. त्यांना वाटलं, पाल. झाडू घेऊन त्यांनी फडताळ पालथं घातलं. पाल नव्हती. आवाज गोधडीवरच्या डब्यातून येत होता, आणि तो बहुधा बरेच दिवस येत असणार. बाकीचे सहा दिवस लूमच्या खडखडाटात तो ऐकणार कोण? त्यांनी ‘ऐका’ दाबलं. काही आलं नाही. पुन्हा दाबलं. मग मला फोन केला, आणि इतकंच म्हणाले, "ताई बोलत नाहीय."

मी नारपोलीतल्या माझ्या घरून तशीच रिक्षाने निघाले. डबा पातळात गुंडाळून आम्ही मुंबईला एका दुकानात नेला. त्या दुकानातल्या माणसाने हार्ड डिस्क उघडली, आतली चकती दाखवली. तिच्यावर ओरखडे उठले होते. "काका, इसमें से कुछ नहीं निकलेगा," तो म्हणाला. भावोजींनी मान तिरकी करून चकती नीट पाहिली, स्वतःची खात्री करून घेतली आणि "हो" म्हणाले.

आता तुम्ही विचाराल, इतका खातरजमा करणारा माणूस, त्याच्याकडे दुसरी प्रत कशी नव्हती? होती तर! एका पेनड्राइव्हवर होती, तांदळाच्या डब्यात पुरलेली. पण जयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी आमचा डीजेवाला घामाघूम होऊन आला, "काका, आमचा पेनड्राइव्ह चालत न्हाय, तुमच्याकडं हाय का?" मिरवणूक चौकात थांबलेली. भावोजींनी तांदळात हात घातला. त्याने वस्तीचे सगळे जन्म-मृत्यू पुसून त्यावर भीमगीतं भरली, आणि त्याच गाण्यांवर भावोजी विहारापर्यंत नाचत गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पेनड्राइव्ह दुसऱ्या दिवशी परत आला. त्यावर पुन्हा प्रत काढायची तर गाणी पुसावी लागणार. आणि बाबासाहेबांची गाणी पुसायला भावोजींचा हात धजेना. "नवा आणतो" म्हणत राहिले, आणि तो आणायचा राहून गेला.

वस्तीत कोणी त्यांना बोललं नाही. उलट विहारात बायका म्हणाल्या, "भावोजी, जाऊ द्या, पुन्हा फोटो काढू." पण गेलेल्यांचे फोटो पुन्हा कसे काढणार? चार दिवस भावोजी फडताळाकडे पाठ करून बसले. मग पाचव्या दिवशी शिडी घेऊन माझ्या दारात उभे. "चला, धाकट्या बाई. छपरं बघायचीत."

झालं होतं असं, की दर जयंतीला भावोजी वेबसाइटवरून एक भलामोठा फ्लेक्स छापून घेत. वर्षभरात जन्मलेले, पास झालेले, लग्न झालेले आणि खालच्या ओळीत गेलेले, अशी सगळी आपली माणसं. जयंती संपली की त्या फ्लेक्सवर लोकांची उडी पडायची, कारण छपराच्या बांबूंवर टाकायला त्याच्यासारखी चीज नाही. कोणता फ्लेक्स कोणी नेला हे भावोजींना पाठ होतं, कारण प्रत्येक वेळी ते "चेहरे खाली करून टाका, उन्हात रंग उडेल" एवढं बजावायला घरापर्यंत मागे गेलेले. लोकांनीही ते ऐकलं होतं. म्हणून कामतघर-नारपोलीत कित्येक घरांत, गोठ्यात, सुताच्या पोत्यांच्या शेडमध्ये मान वर केली की आपली माणसं खाली बघताना दिसायची. आम्ही घरोघर गेलो. भावोजी शिडीवर, मी खाली शिडी धरून. एका घरात ते खाटेवर उताणे झोपून वरचे फोटो काढत होते तेवढ्यात घरचा जावई आला आणि "हे कोण?" म्हणून ओरडला. भावोजी हललेसुद्धा नाहीत. "एक मिनिट," म्हणाले, "तुमचंच लग्न आहे. जरा सरळ येऊ द्या." एका शेडमधला यूपीचा कारागीर लूम थांबवून आला, नेमकं गेलेल्यांच्या ओळीकडे बोट करून म्हणाला, "काका, इनको तो हम रोज देखते हैं. अब घर के जैसे हो गए." भावोजींनी त्याला सगळ्यांची नावं सांगितली.

चेहरे असे परत येत गेले. डागाळलेले, खिळ्यांची भोकं पडलेले, पण आले. भावोजींच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र परत आला नाही. कारण फ्लेक्सवर आवाज छापता येत नाही. शुक्रवारी ते फोन करायचे आणि उगाच म्हणायचे, "आज लूम बंद आहेत." मी म्हणायचे, "हो ना."

शेवटचा फ्लेक्स राहिला होता तो पडघ्याच्या पुढे एका पाड्यावर, आमच्या भाजीवाल्या मावशीकडे. ही मावशी डोक्यावर पालेभाजीची पाटी घेऊन कामतघरात यायची आणि ताईच्या ओट्यावर टेकून पाणी प्यायची. ताई गेल्यापासून तिने त्या गल्लीत येणं सोडलं होतं; ताईचा फोटो असलेला फ्लेक्स मागून न्यायला तेवढी एकदा आली होती. आम्ही पोचलो तर फ्लेक्स तिच्या झोपडीच्या छताला आतून लावलेला, आणि खालच्या ओळीत, अगदी चुलीच्या वर, ताई.

"ही बाय रोज माझ्याकडं बगते," मावशी म्हणाली. "मी पन तिच्याशी बोलतंय. ती बोलत न्हाय, पन मोबाइलात बोलते."

भावोजी शिडीवरून उतरले. "मोबाइलमध्ये काय?"

"तिनंच धाडलेला आवाज. पानी येनार न्हाय तं कोन पालेभाजी घेनार? धुवायची कशात? म्हनून ती मला आदीच सांगाची, उद्या येऊ नको." मावशीने कनवटीचा मोबाइल काढून भावोजींच्या हातात दिला. "बाकीचं जुन्या मोबाइलात गेलं. ह्यो एकच हाय. शेवटचा."

भावोजींनी बोट ठेवलं आणि त्या झोपडीत, अजून एकही तुकडा न कापलेली ताई ओरडली, "उद्या पाणी येणार नाही हो! आजच भरून ठेवा! झालं का? बंद करा मग, दूध उतू जाईल."

मी तिथेच खाली बसले आणि रडले. मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. भावोजींनी ते पुन्हा लावलं, आणखी एकदा लावलं. मग म्हणाले, "आवाज जरा मोठाच आहे." आणि छताची दोरी ढिली झालीय म्हणत बाहेर निघून गेले. दोरी चांगली घट्ट होती. बराच वेळ ते ती बांधत राहिले.

आता वेबसाइट पुन्हा चालू झालीय. भावोजींनी ती मुकाट्याने बाहेरच्या कंपनीकडे ठेवलीय, शिवाय एक प्रत त्यांच्या तांदळात आणि एक माझ्या डाळीच्या डब्यात आहे. डीजेवाल्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह खिळ्याला टांगलेला असतो. निकाल, लग्नं, बारशी, सगळं पहिल्यासारखं खात्री करून. गेल्याच आठवड्यात एका बाळाचा जन्म ते दोन दिवस अडवून बसले होते, कारण बाळ झोपलेलं होतं आणि डोळे उघडलेले पाहायचे होते.

फक्त ‘ऐका’ दाबलं की अजून उद्या पाणी येणार नाही. दुधासकट. भावोजींनी एक शब्दही कापलेला नाही. नवी सून म्हणून आलेली एखादी बाई घाबरून फोन करते, "भावोजी, तुमची बातमी चुकली, पाणी तर आलंय!" ज्या माणसाने हयातीत एक आकडा अंदाजे लिहिला नाही, तो माणूस शांतपणे सांगतो, "आलं असेल. तरी भरून ठेवा. ती सांगतेय ना."

शुक्रवारी लूम थांबले की मीही नारपोलीत माझ्या ओट्याशी उभी राहून ते बटण दाबते. नळ वाहत असतो. ताई ओरडून सांगते, आणि मी नळाखाली हंडा लावते.