पुलावरचा आवाज

हाताला पेट्रोलचा वास लागला की पापनाशमच्या वाटेवरचा, रुळांवरून जाणारा पूल आठवतो. चढावर अप्पांच्या जुन्या पिकअपचं इंजिन घुंगरांसारखं बारीक वाजायचं. तो आवाज घालवायला अप्पा ठिणगीचं टायमिंग जरा मागं घेऊन पूल चढत आणि कमी ऐकू यायचं म्हणून शेजारी बसलेल्या आईला विचारत, "वाजते गे?" तिचं तेरावं झालं आणि आवाज पुन्हा सुरू झाला. तिच्या जागी मी बसलो. पहिल्या फेरीला वाजलं. अप्पांनी उतरून टायमिंगचा डिस्ट्रिब्युटर आणखी किंचित फिरवला. दुसऱ्यांदा इंजिन गप्प चढलं. समोर बघतच त्यांनी विचारलं, "वाजते गे?" मला, मुलाला, ते नेहमी 'रे' म्हणत. मी ओरडून "नाही" म्हणालो, तसे ते दचकले. आता पिकअप मी चालवतो. माझेही कान गेलेत, आणि शेजारी कोणी बसत नाही.