हवालदारांना जिवंत ठेवण्याची मोहीम

समस्त नागरिकांना कळवण्यात येतं की युद्ध समाप्त झालेलं आहे. शत्रूचा पूर्ण बीमोड झाला असून माकणी धरणाच्या अलीकडची टेकडी पुन्हा आपल्या ताब्यात आली आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. जनावरं चरायला सोडायला हरकत नाही.

ही घोषणा मी दरवर्षी करतो. दरवर्षी आपणच जिंकतो, कारण कॅमेरा माझा आहे.

मी धाराशिवला एका सरकारी कार्यालयात टेबलामागं बसणारा माणूस. तरुणपणी सैन्यभरतीला गेलो होतो. छाती फुगवायला सांगितली तेव्हा मी जीव एकवटून फुगवली. मोजणारा म्हणाला, "हां, आता फुगव." माझं आणि लष्कराचं नातं तिथंच संपलं. तेव्हापासून मी घरच्या घरी लढतो. जेवणाच्या सुट्टीत टेबलाच्या खणात एम-सीलचे बोटभर सैनिक बनवून रंगवत बसतो. एकदा बेंबळीचे एक निवृत्त सुभेदार कसल्याशा दाखल्यासाठी आले, खणात डोकावले आणि म्हणाले, "ह्या जवानाला पट्टा न्हाय. पँट सुटली तर लढाई कोण करणार?" दाखला राहिला बाजूला, आमची मैत्री झाली.

सुभेदारांच्या मागोमाग त्यांचे हवालदार आले. दोघं एकाच पलटणीतले, एकाच गावचे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी सुभेदार बसल्याशिवाय हवालदार बसत नाहीत, आणि हवालदारांनी चहा घेतल्याशिवाय सुभेदार घेत नाहीत. त्या दोघांमध्ये मी एकटा असा, की ज्याला बंदूक फक्त पीव्हीसी पाइपची माहीत.

आम्ही तिघं गावातल्या पोरांना घेऊन दर उन्हाळ्यात एक युद्धपट काढतो. पटकथा मात्र लिहीत नाही, खेळतो. सुभेदारांच्या धान्याच्या खोलीत एक प्लायवूडची फळी आहे. तिच्यावर भुशाचे डोंगर रचायचे आणि चिंचोक्यांची फौज मांडायची. प्रत्येकाचा स्वतःचा चिंचोका ठरलेला. माझा निळा, हवालदारांचा लाल, घरातल्याच नेलपॉलिशनं रंगवलेला. पंच सुभेदार. शत्रूही तेच. गोळी सगळ्यात पुढच्या चिंचोक्यावर येते आणि लुडोच्या फाशावर सहा पडले की तो चिंचोका उचलला जातो. फळीवर जो मेला त्यानं कॅमेऱ्यासमोर मरायचं. शत्रू आमच्या सिनेमात दिसत नाही, कारण ते काम करायला पंचक्रोशीत कुणी तयार होत नाही. नुसता त्याचा आवाज येतो. तोही माझाच.

या पद्धतीत एक गोष्ट दरवर्षी न चुकता व्हायची. कॅप्टनची भूमिका माझी. कॅप्टनचा निळा चिंचोका मागं झाडाखाली नकाशा बघत उभा असायचा आणि शेवटी टेकडीवर जाऊन भाषण करायचा. हवालदारांचा लाल चिंचोका पहिल्याच डावात सगळ्यांच्या पुढं. "म्होरं कुणीतरी पायजेच की," एवढंच त्यांचं म्हणणं. मग सहा पडायचे. दर सिनेमात हवालदार मेले. एकदा नाल्यात, एकदा बाभळीखाली, एकदा तर सिनेमाचं नाव पडद्यावर येण्याआधीच.

हे चालून गेलं असतं, पण हवालदारांच्या बायकोनं पहिल्या सिनेमानंतर आमच्याकडं पाठ फिरवली होती. धान्याच्या खोलीत पडदा म्हणून टांगलेल्या चादरीवर नवरा कोसळताना बघितला आणि वहिनी उठून निघून गेल्या. पुढं सगळं केलं, आमच्या अख्ख्या फौजेला भाकरी-पिठलं घातलं, पण सिनेमाला म्हणून पुन्हा आल्या नाहीत.

यंदा हवालदारांच्या मुलानं आई-वडिलांना कायमचं पुण्याला बोलावलं. म्हणजे हा त्यांचा शेवटचा सिनेमा. हवालदार फार बोलणारे नाहीत. कडब्याच्या गंजीकडं बघत म्हणाले, "भाऊसाहेब, औंदा तिनं एकदा बसून बघावं असं लई वाटतंय. एवढी वर्षं केलं, तिनं काईच बघितलं न्हाय."

मी वहिनींकडं शिष्टाई करायला गेलो. त्या शेंगा फोडत होत्या.

"भावजी, ह्यास्नी जित्तं ठिवणार असाल तर येते."

"अहो वहिनी, सिनेमा आहे तो."

"हे तिकडं बर्फात व्हते तवा म्या रोज ह्यास्नी मनात मारायची अन् रोज जित्तं करायची. लई झालं ते. आता चादरीवर कशाला बघू?"

मी थोड्या शेंगा फोडल्या आणि परत आलो.

सुभेदारांना म्हटलं, यंदा लाल चिंचोक्याला सवलत द्या. ते म्हणाले, "रूल म्हंजे रूल. फाशाला कुणाची बायको वळखू येत न्हाय." आपल्या सगळ्यात जुन्या मित्राला वाचवायचं त्यांच्याही मनात होतं, पण नियम मोडून नाही.

मग मी लष्करी डोकं चालवलं. खेळाच्या दिवशी मी हवालदारांना मागच्या बाजूला रसद सांभाळायला ठेवलं. त्यांनी एक डाव कळ काढली. दुसऱ्या डावाला लाल चिंचोका सगळ्यांच्या पुढं.

"हवालदारसाहेब, रसद?"

"रसद कोण पळवतंय, भाऊसाहेब?"

"तुम्हाला वहिनींना आणायचंय ना?"

"आणायचंय की." मग खजील होऊन स्वतःच्या हाताकडं बघत म्हणाले, "हात आपोआप जातोय."

आता एकच उपाय उरला. त्यांच्या पुढं कुणीतरी असायला हवं होतं. मी झाडाखालचा निळा चिंचोका उचलला आणि लालच्या पुढं ठेवला. हवालदारांनी लाल त्याच्याही पुढं नेला. मी निळा नाल्यापलीकडं नेला. त्यांनी लाल चढावर. बाकीची फौज कुठल्या कुठं मागं राहिली आणि आम्ही दोघं शत्रूच्या अंगावर शर्यत लावल्यासारखे धावत सुटलो.

"कॅप्टन येडा झालाय का?" सुभेदारांनी विचारलं.

मी निळा चिंचोका शत्रूच्या बंकरवर, अगदी भुशात रुतवून ठेवला. त्याच्या पुढं जायला जागाच नव्हती. सुभेदारांनी फासा टाकला. सहा.

सुभेदारांनी निळा चिंचोका उचलला. हवालदार पुढं वाकून म्हणाले, "साहेब, माझ्यावर असंल. नीट बघा."

अशा प्रकारे मरण्याचं काम आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं आलं. मी रजा टाकली आणि रात्र-रात्र आरशासमोर सराव केला. मरताना बोलायचं भाषण लिहिलं, ते दीड पान झालं.

टेकडीवर ऐन उन्हात चित्रीकरण. माझा मोबाईल सुभेदारांच्या हातात. हवालदार मरण्यातले जाणकार, त्यांनी सल्ला दिला, "पडताना डोळं झाकू नका. कुठं पडलालाव ते बघा." मी कलावंताच्या बेहोशीत डोळे मिटले आणि सराट्यांत पडलो. जी किंकाळी निघाली ती अस्सल होती, पण ती लष्करी नाही असं सुभेदारांचं मत पडलं. पुन्हा पडलो. या वेळी चष्मा पुढं आणि मी मागं. पुन्हा. मग शेळ्या आल्या. त्यांच्यामागचा मेंढका काठी टेकून बराच वेळ बघत होता.

"हे काय करलालाव?"

"मरलालोय," मी पडल्या पडल्या म्हणालो.

"मग करा सावकाश," म्हणून त्यानं सावली बघून बैठक मारली.

शेवटी हवालदारांच्या मांडीवर डोकं ठेवून मी भाषण सुरू केलं. मातीवर बोललो, टेकडीवर बोललो, शत्रूला दोन शब्द सुनावले. सुभेदारांचा हात अवघडला.

"गोळी लागल्यावर माणूस इतकं बोलत न्हाय, भाऊसाहेब."

"हा कॅप्टन आहे, सुभेदारसाहेब. शिकलेला आहे."

सिनेमा दाखवला त्या दुपारी सुभेदारांनी धान्याच्या खोलीच्या खिडक्यांना पोती लावली. सोयाबीनच्या थप्प्यांवर सगळे बसले. वहिनी आल्या. दाराजवळच बसल्या, एक चप्पल पायात तशीच. हवालदार भिंतीला टेकून उभे. ते चादरीकडं बघतच नव्हते, बायकोकडं बघत होते.

गोळीबार सुरू झाला, माझ्याच तोंडचा. चादरीवर हवालदार वाकून पुढं सरकले तसा वहिनींनी पदर मुठीत धरला आणि त्या अर्धवट उठल्या. तेवढ्यात चादरीवर हवालदारांच्या पुढं मी उडी घेतली, किंकाळी फोडली आणि कोसळलो. वहिनी खाली बसल्या. भाषण सुरू झालं. मी अंधारात कान देऊन हुंदक्यांची वाट बघत होतो. कुणीतरी नाक ओढलं, पण त्याला सोयाबीनच्या धुळीचा त्रास आहे हे मला माहीत होतं. भाषण चालूच राहिलं. अखेर एकदाचा मी मेलो, आणि हवालदार टेकडीच्या माथ्यावर गेले, झेंडा रोवून उभे राहिले. धडधाकट. वाऱ्यानं शर्ट फडफडत होता.

कुणीतरी खिडकीचं पोतं काढलं. वहिनींनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मग पदरानं डोळे पुसले, माझ्याकडं वळल्या आणि भरल्या खोलीत बोलून गेल्या,

"इतक्या वर्षांत पैल्यांदा बरोबर माणूस मेला."