पोरगं कुणाजवळ झोपतंय?

डॉ. महादेवी अष्टुरे यांच्याशी माझी पहिली ओळख भांडणाने झाली. गौरवग्रंथात हे लिहावे का, म्हणून मी संपादकांना आधीच विचारून घेतले. ते म्हणाले, खुशाल लिहा, मॅडमना गोड गोड लिहिलेले आवडत नाही. ते खरेच आहे. तेव्हा भांडणापासूनच सुरुवात करतो.

वीसेक वर्षांपूर्वी मी उदगीर सोडून सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या भालकीच्या आमच्या रुग्णालयात सर्जन म्हणून आलो. हात चांगला चालायचा आणि त्याची घमेंडही होती. मॅडम तिथल्या भूलतज्ज्ञ. माझ्या पहिल्याच आठवड्यात हर्नियाच्या ऑपरेशनसाठी एक लहान मुलगा आला. मी हात धुऊन तयार, आणि मॅडम बाहेर स्टुलावर बसून मुलाच्या वडिलांशी निवांत गप्पा मारत होत्या.

"पोरगं कुणाजवळ झोपतंय?"

"आईजवळ, जी. मी रानात असतो राखणीला."

"मग तिला घेऊन या. उद्या करू."

वडील बिचारे उठून गेले. मी मात्र भडकलो. म्हणालो, "मॅडम, आपल्याला हर्निया करायचाय, सोयरीक नाही जुळवायची." त्या माझ्याकडे न बघता हातातला कागद दुमडत म्हणाल्या, "सोयरीक मोडली तर दुसरी जुळते, डॉक्टर." दुसऱ्या दिवशी आई आली, मुलाच्या झोपेत काहीही वावगे निघाले नाही आणि ऑपरेशन झाले. मी महिनाभर मॅडमशी कामापुरतेच बोललो.

त्यांच्या या प्रश्नामागचे कारण इथे सांगायला हवे, कारण हा ग्रंथ वाचणारे सगळेच काही डॉक्टर नाहीत. काही मुलांचे टॉन्सिल वाढलेले असतात. झोपेत घसा सैल पडतो, श्वासाची वाट बुजते आणि श्वास थांबतो. मूल दचकते, पुन्हा श्वास घेते. रात्रभर हेच चालते. आपल्याकडे मूल घोरायला लागले की घरचे कौतुकाने म्हणतात, बघा कसे गाढ झोपलेय. भुलीच्या आणि वेदनाशामक औषधांच्या अमलाखाली मात्र हे दचकणेच मंदावते. म्हणजे ज्या मुलाची झोप अशी आहे, त्याची भूल वेगळी द्यावी लागते आणि नंतर त्याच्यावर नजर ठेवावी लागते. हे आधी कळायला मोठे यंत्र नसले तरी चालते. मुलाच्या झोपेत जागे असलेले एक माणूस लागते.

ते माणूस शोधण्यात मॅडमचा हातखंडा होता. त्यांचे बालपण औरादकडचे, शिक्षण कलबुर्गीचे. समोरच्याची भाषा कोणती आहे हे त्या नाव विचारायच्या आत ओळखत. एकाशी मराठी, दुसऱ्याशी कन्नड, तिसऱ्याशी "बच्चा किसके बाजू सोता, अम्मा?" मुलीच्या आईला 'घोरते का' असे त्या कधीच विचारत नसत. पोरीची जात, उद्या तिला स्थळ बघायचे, कोणती आई हो म्हणेल? तिथे त्या विचारत, झोपेत तोंड उघडं असतं का, अंथरूण ओलं होतं का, शाळेत पेंगती का. आणि मुलाजवळ झोपणारे कुणी येऊच शकले नाही, तर त्या मुलाला पोटभर जेवू घालून दुपारी वॉर्डात झोपवत आणि मनगटावरचे चावीचे घड्याळ काढून हातात घेऊन शेजारी बसत. भाताने भरलेले पोट आणि पंख्याचा वारा, मुले दहा मिनिटांत झोपत. मॅडम तासभर हलत नसत. आम्ही तरुण डॉक्टर दाराशी उभे राहून हसायचो. हसणाऱ्यांत मी पुढे.

आता जे सांगतो ते मी आजवर रुग्णालयाबाहेर कुणाला सांगितलेले नाही.

मॅडम भाचीच्या लग्नाला हैदराबादला गेल्या होत्या. मंठाळहून एक शेतकरी जोडपे सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलाचे नाव मल्लू. हर्नियाच, घाईचा नव्हे. दोन दिवस थांबता आले असते. पण बाहेरून बोलावलेले भूलतज्ज्ञ त्या दिवशी मोकळे होते आणि मला यादी उरकायची होती. ऐटीत म्हणालो, मॅडमचा प्रश्न मीच विचारतो. आईच्या मांडीवर तान्हे बाळ होते. मी विचारले, "मुलगा घोरतो का?"

"न्हाई, जी."

झाले. मी कागदावर तसे लिहिले आणि भूलतज्ज्ञांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. ऑपरेशन वीस मिनिटांत आटोपले. मल्लूने डोळे उघडले, रडला, दुखते म्हणाला. त्याला दुखण्याचे इंजेक्शन देऊन वॉर्डात हलवले. तो उताणा झोपला. आई पलीकडे बाळाला पाजत होती, सिस्टर दुसऱ्या खाटेशी होत्या, आणि मी दाराशी चहा पीत होतो.

तेवढ्यात मल्लूची काकू गावाहून डबा घेऊन आली. तिने खाटेकडे पाहिले, डबा तिथेच जमिनीवर टाकला आणि मल्लूला खांद्याला धरून कुशीवर वळवले.

"आवो, ह्याला उताणं कामून ठिवलं? दम घेईना की हे!"

मी धावलो. ओठ निळे पडले होते. सिस्टरनी ऑक्सिजन आणला, भूलतज्ज्ञांनी मास्क दाबून श्वास दिला. किती वेळ गेला ते मला आजही सांगता येणार नाही. मग मल्लूने एक मोठा, घरघरणारा श्वास घेतला. काकू त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणत होती, "रोज रातचं असंच करायलंय हे. मी कूस बदलिते, मग घेतंय." मल्लूची आई बाळाला घेऊन भिंतीला टेकली. "मला ठाऊक न्हाई, जी. हे बारकं झाल्यापसनं मल्लू काकूजवळ झोपायलाय."

तिने मला खोटे सांगितले नव्हते. वर्षभर तिने मुलाची झोप ऐकलीच नव्हती. घरात तान्हे आले की थोरल्याचे अंथरूण सरकते, हे आमच्याकडच्या कुठल्याही घरात दिसते. माझ्याही घरात तसेच झाले होते. पण मला ते सुचले नाही, कारण मी मॅडमचा प्रश्न विचारलाच नव्हता. मला सोपा वाटला तो विचारला होता.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. मी सगळे सांगितले, काही लपवले नाही. बोलणी खायची तयारी ठेवली होती. त्या आधी काकूजवळ जाऊन बसल्या आणि अर्धा तास तिचे ऐकत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "विचारलंत, पण ज्याला ठाऊक नाही त्याला विचारलंत." एवढेच. विश्वस्तांच्या बैठकीत मात्र बाहेरून आलेल्या भूलतज्ज्ञांवर सगळे ढकलायचे घाटत होते. मी बोलायला तोंड उघडणार, इतक्यात मॅडम उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे. इतकी वर्षं हा प्रश्न मी तोंडात ठेवला, कागदावर आणला नाही. मी गावाला गेले, प्रश्नही गेला." मी त्यानंतर उठून माझी चूक सांगितली; पण खरे सांगायचे तर त्यांनी वाट करून दिली म्हणूनच मला उठता आले. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

त्या आठवड्यात आमच्या तपासणीच्या फॉर्मवर, वडिलांच्या नावाच्याही वर, एक ओळ छापली गेली, तीन भाषांत: मूल कुणाजवळ झोपते? ती आजही आहे. मल्लूला मॅडमनी स्वतः बीदरला घशाच्या डॉक्टरांकडे नेले, त्याचे टॉन्सिल काढले गेले. काही महिन्यांनी काकू भेटायला आली आणि तक्रार करून गेली, "लई गप झोपायलंय आता. मलाच झोप लागंना."

सत्तरीनंतर मॅडमनी भूल देणे थांबवले, विचारणे थांबवले नाही. रोज सकाळी दहाला त्या स्टुलावर हजर असतात. मध्ये गुडघ्यांनी दगा दिला आणि गेल्या वर्षी त्यांच्याच ऑपरेशनची वेळ आली. बीदरच्या तरुण भूलतज्ज्ञाने रीतीप्रमाणे विचारले, "मॅडम, तुम्ही घोरता का?"

मॅडमनी लग्न केले नाही. भालकीत दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात. त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक? माझ्याजवळ कुणी झोपत नाही." तो तरुण ओशाळला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. मॅडम वळल्या नाहीत. संध्याकाळी मला फोन आला. "डॉक्टर, उद्या दुपारी मोकळे आहात का? मला जेवून झोपायचं आहे."

दुसऱ्या दिवशी आमच्याच वॉर्डात त्या पोटभर जेवल्या. मनगटावरचे घड्याळ काढून त्यांनी माझ्या हातात दिले, "मोबाईल बघत बसू नका" असे बजावले आणि पाच मिनिटांत झोपल्या. मी तासभर त्यांच्या शेजारी बसलो. दाराशी दोन नवे डॉक्टर उभे राहून हसत होते. मी त्यांना हसू दिले. एकेक श्वास ऐकताना माझ्या डोळ्यांना धार लागली होती, आणि घड्याळाचा काटा नीट दिसावा म्हणून मला डोळे सारखे पुसावे लागत होते.

गुडघ्यांचे ऑपरेशन नीट पार पडले, आणि आज मॅडम पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांच्याबद्दल इथे अनेकजण अधिकाराने लिहितील. माझ्यापाशी एकच माहिती अशी आहे, जी दुसऱ्या कुणापाशी नाही, म्हणून ती या ग्रंथात नोंदवून ठेवतो. मॅडम घोरतात. अगदी थोड्या. पण त्यांचा श्वास कुठेही अडत नाही, मध्येच थांबत नाही. मी स्वतः जवळ बसून ऐकला आहे. तो असाच पुढची पुष्कळ वर्षे चालत राहो, आणि पुन्हा कधी ऐकायची गरज पडलीच, तर मी जवळ आहे.