उसना फेटा

साल दोन हजार तेवीस. थंडी सरत आली होती, शाळू काढणीला आला होता. तेव्हापासून दर रविवारी माझी जीप दोन शास्त्रज्ञ बायकांना घेऊन फिरते. फौजेत गाडी चालवली, पेन्शनीत गेलो तरी स्टिअरिंग सुटलं नाही. किस्से मी गोळा करत नाही. माळावरून चाललं की धोतराला कुसळं चिकटतात, तसे हे चिकटले आहेत. बसलाच आहात तर थोडे झटकतो.

सुनंदा मॅडम विश्रामबागेतल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतात. रेहाना मॅडम किड्यांच्या डॉक्टर. म्हणजे किड्यांचा अभ्यास करून डॉक्टर झालेल्या. हे मला पहिल्या दिवशी कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून मी त्यांना माझा गुडघा दाखवला होता. आठवडाभर दोघी नोकरी करतात. रविवारी पदरमोड करून खेड्यात जातात. पोरींना, बायकांना, ज्यांना विज्ञान सांगायचं कुणाच्या मनात येत नाही त्यांना सांगतात. मला नाना म्हणतात.

*

पहिलंच गाव कोरेगावच्या अंगाला. जीप थांबली, हलगी कडाडली. मी दार उघडून उतरलो. उंची सहा फूट, मिशी फौजेतली, शर्ट पांढरा. सरपंच धावत आले.

"या सर, या!"

कोण सर, हे विचारेपर्यंत गळ्यात हार पडला. मग स्टेज, खुर्ची, शाल. फेटेवाल्यानं डोक्याला फेटासुद्धा बांधला. दोन्ही मॅडमना बायकांनी खाली सतरंजीवर बसवलं, हळदीकुंकू लावलं, ओटीत खण-नारळ घातला.

मी उठायला लागलो. सुनंदा मॅडम स्टेजच्या कडेला आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "बसा, नाना! आता उठलासा तर ह्यांची फजिती हुईल. मग पोरी पाठवायची न्हाईत."

बसलो. सरपंचांनी माइक हातात दिला. "सरांनी दोन शब्द बोलावेत!"

मला खोटं जमत नाही. म्हणालो, "मी ड्रायव्हर आहे."

टाळ्या थांबेनात! सरपंच डोळे पुसत लोकांना म्हणाले, "बघा, केवढा साधेपणा! मोठी मानसं अशीच असत्यात!"

परतताना फेटा काढून सुनंदा मॅडमपुढं धरला. "हा तुमचा."

"वापरलेला फेटा मी घेत न्हाई, नाना. द्यायचा तर कोरा द्या. आन् भर स्टेजवर."

"देतो," म्हणालो.

दुसऱ्याचा मान मी कधी घरी नेलेला नाही. हे देणं मात्र डोक्यावर बसलं.

*

जतकडच्या माळावरची एक वस्ती. मेंढरं राखणाऱ्यांची पोरं. रेहाना मॅडमनी वस्तीच्या शाळेत मायक्रोस्कोप मांडला. पोरं पुढं घुसली, पोरी मागं भिंतीला चिकटल्या. असं सगळीकडंच होतं. मॅडम पोरांना रागावत नाहीत. त्यांची वेगळी रीत आहे.

"आज यात ऊ बघायची. ज्याची ऊ त्याचा पहिला नंबर!"

पोरांची डोकी तुळतुळीत. पोरी एकमेकींच्या वेण्यांत शिरल्या. दोन मिनिटांत पोरी पुढं, पोरं मागं. एक दांडगं पोरगं बहिणीच्या हातापाया पडत होतं, "आक्के, एक दे की गं! बारकी दे!"

हेडमास्तर आले. डोळा लावला आणि मागं उडी मारली. "अरे बापरे! ही कुणाची?"

एक शेंबडी पोरगी म्हणाली, "तुमच्या मंदीच्या डोक्यातली, गुरुजी. येवढी मोठी दुसरीकडं गावलीच न्हाई!"

*

बायकांना वेळ नसतो. सभेला बोलावलं तर येत नाहीत. म्हणून सुनंदा मॅडम पिठाच्या गिरणीत जातात. तिथं नंबर लागेपर्यंत बाई हलत नाही.

मॅडमनी गरम पिठात हात घातला. "दळल्यावर पीठ गरम का लागतं?"

"दगडावर दगड घासतोय, तापंल न्हाई तर काय!" एक म्हातारी म्हणाली.

"बरोबर. घासलं की उष्णता तयार होते."

म्हातारीनं शेजारच्या सुनेकडं बघितलं. "सासू-सुनेचं घासलं तरी घर तापतंय. त्येबी हेच व्हय?"

"तेही हेच."

"मग ती उष्णता जाती कुठं?"

सून डब्यावर फडकं बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "भाकरी करपती की, आत्ती!"

गिरणीवाल्यानं हसता हसता पट्टा बंद केला. त्या दिवशी सगळ्यांची दळणं उशिरा मिळाली.

*

देणं फेडायचा मी प्रयत्न केला नाही असं नाही. पुढच्या गावात वेशीवरच बजावून सांगितलं, "शास्त्रज्ञ या दोघी आहेत. मी गाडी चालवतो."

अध्यक्ष म्हणाले, "व्हय व्हय, बाईंचं हळदीकुंकू आत घरात ठेवलंय. तुमी स्टेजवर चला."

त्याच्या पुढच्या गावात जीपमधून उतरलोच नाही. काच वर केली. तर फेटेवाला टपाजवळ उभा! मागून कुणीतरी त्याला ओरडलं, "सरांना गर्दी चालत न्हाई, गाडीतच बांधा!" काच खाली करून, डोकं खिडकीबाहेर काढून फेटा बांधून घेतला. हलगीवाला गाडीभोवती फिरून वाजवत होता.

"व्याज चढतंय, नाना," सुनंदा मॅडम म्हणाल्या.

रेहाना मॅडमना उपाय सुचला. "मिशी काढून बघा."

मी गाडी काढली.

*

सांगलीत अंध मुलींची एक शाळा आहे. रेहाना मॅडमनी त्यांच्यासाठी शाडूचे किडे केले होते. मधमाशी नारळाएवढी, नाकतोडा हातभर. "मायक्रोस्कोप डोळ्यांनीच बघायचा असं कुठं लिहिलंय?" असं त्यांचं म्हणणं.

पोरी चाचपून बघत होत्या. "माशीला येवढे केस? आन् आई मलाच म्हणती इंचरून ये!"

मी टेबलाखालचा खोका उचलायला वाकलो. एका पोरीचा हात माझ्या तोंडावर आला. तिनं मिशी या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली.

"मॅडम, सुरवंट मस्त झालाय! पण हा गरम कसा?"

मी हललो नाही. शिकणाऱ्याला मधेच अडवू नये.

*

फेट्याचा सुनंदा मॅडमनी फायदाही करून घेतला. बाप लोक मलाच विचारायला यायचे, "सर, पोरीला सायन्सला घालू का?" मॅडमनी शिकवून ठेवलं होतं, "बोलू नका. नुसती मान हलवा."

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. माझ्या मानेवर किती पोरी अकरावीला गेल्या, मला ठाऊक नाही.

एकदा एक बाप परत आला. "सर, पोरगी म्हनती पुढं संशोधन करनार. लग्नाचं काय करू?"

मान कशी हलवायची ते मॅडमनी सांगितलेलं नव्हतं. मी आडवी हलवली. मागून रेहाना मॅडम हळूच म्हणाल्या, "शाब्बास!"

*

कुंडलच्या पुढं सुनंदा मॅडमचं माहेर. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांना माझं घर माहीत आहे.

त्या दिवशी गाडी पलूसला आली. सुनंदा मॅडम एकदम म्हणाल्या, "रेहाना, ह्या गावात पैलवानाला स्टेज मिळालं, जवानाला मिळालं. चुलतभावाच्या बैलाचा वाढदिवस फ्लेक्सवर झाला. मला अजून कुणी वर बोलावलं न्हाई."

त्यांचे थोरले चुलते तात्या. गाव त्यांच्या शब्दाबाहेर नाही. मॅडमना तिथल्या पोरींसाठी देवळाच्या मंडपात दर रविवारी वर्ग घ्यायचा होता. दोनदा निरोप धाडला. तात्यांचं उत्तर आलं, "तुमच्या सरांना घेऊन या. मग बघू."

सर म्हणजे मी.

मंडप भरला होता. पुरुष खुर्च्यांवर, बायका-पोरी सतरंजीवर. निवेदक ओरडला, "सांगलीचे थोर शास्त्रज्ञ सर, आणि त्यांच्यासोबत आलेल्या भगिनी!" मॅडम सतरंजीवर बसल्या. चुलती ओटीचं ताट घेऊन आली. मॅडम ताटाकडंच बघत राहिल्या.

मी स्टेजवर गेलो. फेटेवाल्यानं गुलाबी कापडाची घडी मोडली. कोरं होतं.

"इकडं आण," म्हणालो.

कापड घेतलं आणि परेडच्या आवाजात हाक दिली, "सुनंदा मॅडम, वर या!"

त्या आल्या. तात्या काठी टेकत उठले.

"आवं सर, बाईला फेटा? आपल्यात न्हाई तसं."

मी कापडाचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "धरा."

फेटा बांधायचा तर दुसऱ्यानं टोक ताणून धरावं लागतं. सोडलं की कापड जमिनीवर लोळतं. भर स्टेजवर फेटा लोळला तर गावाची काय शोभा राहते, ते तात्यांना सांगायची गरज नव्हती.

तात्यांनी कापडाकडं बघितलं, पुतणीकडं बघितलं, गावाकडं बघितलं. काठी खुर्चीला टेकवली आणि दोन्ही हातांनी टोक धरलं.

मी पहिला वेढा दिला. दुसरा दिला. सतरंजीवरच्या पोरी उभ्या राहिल्या. मागच्या बायका "खाली बसा गं, दिसंना!" म्हणून ओरडल्या आणि स्वतःही उभ्या राहिल्या.

"सर," तात्या म्हणाले.

"बोला."

"जरा घट्ट बांधा. पोरगी ल्हानपनापास्नं एका जागी बसत न्हाई. आता दर रविवारी हितं येनार, दर रविवारी टोक धरायला मी कुठनं येऊ?"

मॅडमचे खांदे हलायला लागले.

"हलू नका," मी म्हणालो.

शेवटचा वेढा खोचला. तुरा वर काढला. शेमला पाठीवर सोडला. माइक मॅडमच्या हातात दिला आणि खाली उतरलो.

देणं फिटलं.