डॉक्टरकाकांची बस

डॉक्टरकाका चिडले की त्यांचा आवाज खाली यायचा आणि शाईचं पेन उघडायचं. मी त्यांच्या शेजारी राहायला आले त्या आठवड्यात त्यांनी कचऱ्याच्या डब्यांवरून कौन्सिलला तीन पानी पत्र लिहिलं होतं. मला हसू आलं होतं. आज त्या हसण्याची लाज वाटते.

काका मूळचे नागपूरचे. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात आयुष्यभर भूल दिली आणि निवृत्त झाल्यावर हट्टाने लंडनला आले. "आमच्या नागपुरात सरकार हिवाळ्यापुरतं पाहुणं यायचं. इथं बारा महिने शेजारी आहे," असं अभिमानाने सांगायचे.

काकूंना विस्मरणाने घेरलं आणि त्यांना केअर होममध्ये ठेवावं लागलं. दुपारचं जेवण त्या फक्त काकांच्या हातून घेत. दुसऱ्या कोणी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटत. काका रोज साडेअकराच्या बसने जात. इथे चढायचं, थेट होमच्या दारात उतरायचं. गेल्या वर्षी ती बस बंद केली. आता दोन बस बदलायच्या, त्यातली दुसरी बारानंतरच सुटायची; गुडघा धरत ते पोचेपर्यंत बाराच्या जेवणाचं ताट परत गेलेलं असे. होमची फी भरून रोजची टॅक्सी परवडत नव्हती. मी सुट्टीच्या दिवशी गाडीने सोडायचे, पण एरवी माझंही ऑफिस असे.

पेन उघडलं. शहराच्या वाहतूक खात्याने कळवलं, केंद्र सरकार पैसे देत नाही. केंद्र सरकारने कळवलं, बसचे मार्ग शहर ठरवतं. काकांनी शहराचं उत्तर केंद्राला धाडलं आणि केंद्राचं शहराला. दोघांनीही त्यांचे आभार मानले! "दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून राहिले," काका अगदी हळू म्हणाले, "आणि ती उपाशी आहे."

मग त्यांनी नागपुरी उपाय काढला. निवेदन, त्यावर होममध्ये जोडीदाराला भेटायला येणाऱ्या, काकांसकट अकरा म्हाताऱ्यांच्या सह्या, आणि पार्लमेंटवर मोर्चा. मोर्चात आम्ही पाच जण, त्यातल्या एक आजी वॉकर घेऊन. काका फाटकापाशी कागद धरून उभे राहिले.

"अधिवेशन सुरू आहे ना? मग येईल कोणीतरी मंत्री बाहेर. निवेदन घ्यायला येतातच."

"काका, इथे तशी पद्धत नाही हो."

"पद्धत नाही? मग लोक देतात कोणाला?"

"इट्स ऑल ऑनलाइन नाऊ, सर," फाटकावरचा पोलीस नम्रपणे म्हणाला. काका तरी दोन तास उभे होते. मला त्या नम्रपणाचासुद्धा संताप आला. दोन्ही सरकारं एकाच शहरात, ट्रेनने जेमतेम अर्ध्या तासाच्या अंतरावर बसतात. एका म्हातारीच्या दुपारच्या चार घासांसाठी यांना एका टेबलाशी बसता येऊ नये? कसली ही राजधानी!

फेब्रुवारीत काकू गेल्या. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं होतं. त्यांचे कपडे किती सैल झाले होते, ते कोणी लिहिलं नाही.

महिन्याभरात मुलगा काकांना ब्रिस्टलला न्यायला आला. सामान गाडीत चढत होतं आणि काका रिकाम्या घरात, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहीत होते. एक प्रत शहराला, एक केंद्राला.

"आता कशाला, काका?" मी म्हटलं.

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "माझी पत्नी वारली," त्यात लिहिलं होतं. "म्हणून माझी तक्रार मिटली असं कृपया समजू नये. बाकीच्या दहा जणांना अजून रोज बाराच्या आत पोचायचं आहे."