मोहोळाखाली भाजलेले बोंबील

“आग कुणी पेटवली? अरे, मोहोळाखाली आग कुणी पेटवली?”

मेळ्याचे प्रमुख ओरडत होते. खाकी अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की समोरच्या डोंगरावरची माकडं उतरून शिस्तीत रांग लावतील. बरं, माकडं नव्हती. सवय हो, दुसरं काय! आमच्या गोरेगावच्या चाळीत मला विचारल्याशिवाय कुणी माझ्या गोष्टीवर विश्वास ठेवत नसे, आणि विचारल्यावर तर मुळीच नसे. पण आज सांगतो ती गोष्ट या तोंडातून कधी बाहेर पडलेली नाही. इंदूला, माझ्या बायकोला, सांगितली नाही. आता ती सांगण्यापलीकडे गेली. एका माणसाला सांगावी लागली नाही, कारण त्याने ती डोळ्यांनी पाहिली होती.

गिरणीला सुट्टी होती. डोंगर चढणाऱ्या एका मंडळाने बोरिवलीच्या जंगलात रानमेळा भरवला होता. दोरीचा पूल, कातळावर चढाई, झाडं-पाखरं दाखवायला माणसं. सगळं कुटुंबासकट. आम्ही गेलो ते गजामुळे. गजा म्हणजे इंदूचा धाकटा भाऊ, माझ्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. डोंगर म्हटलं की पोरगा वेडा. मंडळात चढाईचा पक्का गडी म्हणून त्याला घेणार होते. त्या दिवशी शेवटची पारख. त्यासाठी त्याने बिडी सोडली होती— महिनाभर शिवला नव्हता. गिरणीतला माणूस बिडी सोडतो म्हणजे काय, ते गिरणीतल्यालाच विचारा.

सकाळीच प्रमुखांनी सगळ्यांना बजावलं होतं. वर कड्याला आग्या मोहोळ आहे, खाली चूल नाही, विडी नाही, धूर नाही. घरून आणलेलं गार जेवण जेवा.

गार भाकरी! आणि तोंडी लावायला? मी मालवणी माणूस. खिशात वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार सुके बोंबील. ते निखाऱ्यावर न भाजता खायचे? मोहोळ तिकडे आभाळात, मी इकडे जमिनीवर— असा हिशेब केला. इंदू बायकांबरोबर दोरीच्या पुलाकडे गेली होती. शोभा, आमची पाच वर्षांची, सोलापुरी चादरीवर गाढ झोपली होती. मी तीन दगड मांडले, पाचोळा घातला, फुंकर मारली. ओला पाचोळा. धूर सरळ कड्याला लागला.

गजाने चढाईच्या कातळावरून तो पाहिला. दोरी टाकून धावत आला, पायांनी आग तुडवायला लागला. आणि वरून काळा ढग सुटला.

चाळीत मी हे माझ्या पद्धतीने शंभरदा सांगितलं असेल. माश्या दर खेपेला वाढल्या. शेवटी शेवटी एकेक माशी चिमणीएवढी झाली. त्या गोष्टीत मी पोरीवर चादर टाकतो, मग माश्या मागे ओढून नेण्यासाठी आरोळ्या ठोकत ओढ्याकडे धावतो. लोक टाळ्या द्यायचे. इंदू चहा आणताना उंबऱ्यात थांबून ऐकायची— अभिमानाने, कळलं ना?

आता खरं. सांगू कसं?

चादर मी टाकली नाही. ओढली. शोभा तिच्यावर झोपली होती, तिच्या अंगाखालून ओढली. ती मातीत गडगडली, ते मला दिसलं. चादर स्वतःभोवती गुंडाळली आणि धावलो. ओढ्यात गळ्याएवढ्या पाण्यात— छे, गुडघाभर होतं— पालथा पडून राहिलो. मागे पोर “बाबा” म्हणून किंचाळत होती. ऐकू आलं का? आलं. चादरीतून सगळं ऐकू येतं.

तिच्यावर गजा पडला. उघड्या पाठीचा, तिला पोटाखाली घेऊन. तिला दोन डंख. त्याला किती, ते या एका ठिकाणी मी वाढवणार नाही, कमीही करणार नाही. मोजलेच नाहीत मी.

आणि मग प्रमुखांचा तो आवाज. माणसं गोळा झालेली, इंदू शोभाला छातीशी धरून बसलेली, गजा राखेत उभा, डोळे सुजून मिटलेले. बोंबील मी ओढ्यात सोडले होते. प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं.

“याची बिडी असेल,” मी म्हणालो.

‘असेल’ म्हणालो. लबाडाला तेवढी फट पुरते.

गजाने मान वर केली. माझ्या दिशेने, मग बहिणीच्या. मग पायाला चिकटलेली राख झाडू लागला. प्रमुखांनी तिथेच सांगितलं, मंडळात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. पुढे त्याने डोंगराचं नाव काढल्याचं मी ऐकलं नाही. इंदूने तर, पोरीच्या जिवावर उठलास म्हणून, त्या वर्षी भाऊबीजेला त्याला येऊ नको असं कळवलं. पाट मांडला नाही, निरांजन लावलं नाही. रिकाम्या ताटाकडे बघत बसली, आणि मी तिची समजूत काढली. मी!

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाकोल्याला गजाच्या खोलीवर गेलो. कशाला गेलो? माफी मागायला, असं सांगितलं असतं तर गोष्ट छान झाली असती. मला एवढंच बघायचं होतं की तो बोलणार आहे का. दारातच विचारलं, “गजा, त्या दिवशी खरं का नाही सांगितलंस?”

तो कामावर निघाला होता. डब्याचं झाकण दाबून बसवलं, चप्पल पायात सरकवली.

“भावोजी,” तो म्हणाला, “ताईक तुमच्याच घरात ऱ्हवाचा आसा.”