अर्धी दाढी

दाढीचं मशीन धुऊन झालं की हवालदार ते उन्हाकडं धरायचा, एक डोळा मिटून त्याच्या दात्यांतून आभाळ बघायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "हत्यार साफ केल्याबिगर जागचं उठू न्हाई."

हे वाक्य माझ्यासाठी असायचं. कडेगावच्या अंगाला आमचं लहानसं गाव. मी गावचा न्हावी. वाटेच्या या बाजूला चिंचेखाली माझी धोकटी आणि त्या बाजूला हवालदाराच्या घराचा कट्टा. मधून जेमतेम एक बैलगाडी जायची. रोज सकाळी एवढ्याशा अंतरावरून त्या माणसाचं तोंड बघणं माझ्या नशिबी आलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते तोंड बघवत नसे.

भांडणाची सुरुवात त्यानं केली. लढाई चालू होती. हवालदार मांडीत गोळी खाऊन पलटणीतून कायमचा घरी आला होता. आल्या आल्या माझ्यापुढं दाढीला बसला. एक गाल झाला, दुसऱ्याला साबण लावला, तेवढ्यात पाटलांचा गडी आला. "पाटलांनी बोलावलंय. असशील तसा चल."

तुम्ही म्हणाल, राहिलेला गाल उरकून जायचं होतं. आमच्या गावात राहिला असता तर तुम्ही असं म्हणाला नसता. पाटलांकडून बोलावणं आलं की न्हाव्यानं उठायचं आणि गिऱ्हाइकानं साबणाच्या तोंडानं तंबाखू मळत बसून राहायचं, ही रीतच होती. माझा आजा असाच उठायचा, बाप असाच उठायचा. पाटलांना थांबा म्हणणारा आमच्या घराण्यात झाला नव्हता. "बसा जरा, आलोच," म्हणून मी उठलो.

परत येऊन बघतो तर हवालदार आपल्या कट्ट्यावर. पुढ्यात आरसा, पितळी तांब्या आणि हातात पलटणीतून आणलेलं ते चकचकीत मशीन. राहिलेला गाल त्यानं स्वतःच केला होता. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "गोळ्या चालू असतानाबी मला कुनी अर्ध्यात टाकून गेलं न्हाई रं."

"आवं, पाटलांचं बोलावनं आलं तर—"

"मग पाटलांचीच कर जा. तुज्या वस्तऱ्याखाली पुन्यांदा बसलो तर हवालदार म्हनू नगंस."

चारचौघांत बोलला. मलाही चेव आला. "बसाल की! ती अर्धी दाढी माजी हाय. येक दिस माज्याच हातानं पुरी हुईल, बगा."

त्या दिवसापासून आमचं सुरू झालं. सकाळी माझी चार गिऱ्हाइकं जमली की हा मुद्दाम बाहेर यायचा आणि सगळा संसार कट्ट्यावर मांडायचा. गिऱ्हाइकांच्या माना तिकडं वळायच्या. हलत्या मानेवर वस्तरा चालवणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. एकदा एकाच्या कानाखाली कापलं, तर हवालदार तिकडून ओरडला, "गड्या, वस्तरा हाय का इळा?"

"तुमी तुमची भांडी घासा," मी म्हणालो.

आणि खरंच तो भांडी घासल्यासारखाच बसायचा. दाढीपेक्षा त्याचं हे घासणं लांबायचं. आधी मशीनची दांडी फिरवून काढायची. मग वरची टोपी, खालची दातेरी पट्टी आणि दांडी असे तीन तुकडे जुन्या मुंडाशाच्या फडक्यावर ओळीनं मांडायचे. गरम पाणी घालायचं. दात्यांत अडकलेले केस बाभळीच्या काट्यानं टोकरून काढायचे. आमच्या विहिरीचं पाणी खारट, त्याचा पांढरा थर चढायचा. तो चिंचेच्या कोळानं घासायचा. चिंच कुठली? माझ्याच डोक्यावरच्या झाडाची! मग पुसून दांडीच्या आट्यांवर खोबरेलाचा एक थेंब. लढाईत पाती मिळेनाशी झाली तेव्हा तर कहर झाला. बोथट पात्याला धार यावी म्हणून काचेच्या पेल्यात आतून ते दाबून धरायचं आणि बोटानं फिरवत बसायचं. तो खर्र खर्र आवाज ऐकून माझे दात शिवशिवायचे. एकच पातं त्यानं इतकं चालवलं, की दाढी करताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण वाट ओलांडून इकडं यायचं? नाव नको.

मीही काही गप्प बसलो नव्हतो. मशीननं दाढी केली की केस उलटे आत वाढतात, अशी आवई मीच उठवली. तीन-चार जणांना ती पटलीही. हवालदारानं भर सकाळी शर्ट काढला, वाटेत उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गाल दाखवत सुटला, "बग रं, कुटं उलटा केस हाय? हात लावून बग!" लोक हसून लोळले. मी धोकटी आवरून घरी गेलो.

पुढं एका थंडीत त्याला ताप भरला. तरी गडी कट्ट्यावर हजर. हात कापत होता. हनुवटीवर दोनदा कापलं, रक्त गळ्यावर उतरलं. माझ्याही नकळत मी तुरटीचा खडा घेऊन उठलो. वाटेच्या मध्यावर पोचलो असेन, तेवढ्यात त्याचा आवाज आला, "बस खाली! बोलावलंय कुनी?" मी खडा धोकटीत टाकला. असल्या माणसाला ताप आला काय आणि नाही आला काय, असं मनात म्हणालो. पण त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही, हेही खरं.

लढाई संपली, दुकानांतून पाती दिसू लागली, आमचं भांडण मात्र होतं तिथंच होतं. एका सकाळी मी वस्तरा चामड्यावर लावत होतो आणि नजर सवयीनं समोर. हवालदारानं उजवा गाल केला. मशीन पाण्यात बुडवलं. ते बाहेर निघालंच नाही. तो भिंतीला टेकला, आरसा कलंडला. सगळ्या गावात आधी मला कळलं, कारण त्याच्याकडं रोज बघणारा मीच होतो.

मी धावलो. काही उरलं नव्हतं. माणसं जमली, रडारड झाली. अंघोळ घालायच्या वेळी त्याची बायको मला म्हणाली, "आर्ध्या तोंडानं कसं न्यायाचं वो? तुमीच करा आता."

इतकी वर्षं वाट बघितलेला गाल माझ्यापुढं होता. मला आनंद व्हायला हवा होता. मला भयंकर राग आला. भांडायला समोर कुणी ठेवलं नाही या माणसानं! वाळलेला साबण मी गरम पाण्यानं भिजवला, वस्तरा उघडला आणि डावा गाल सावकाश केला. त्याच्या उजव्यापेक्षा माझा डावा गुळगुळीत झाला होता. हे मी तेव्हाही बघितलं आणि आज सांगायलाही मला लाज वाटत नाही.

उठणार तोच तांब्याकडं लक्ष गेलं. मशीन तसंच पडलं होतं, साबणानं माखलेलं, केसांनी भरलेलं. असं ते मी कधीच बघितलं नव्हतं. रडू आलं ते तेव्हा.

"ऱ्हाऊ द्या ते," त्याची बायको म्हणाली. "कोन वापरनार हाय आता?"

मी कट्ट्यावर बसलो. त्या मशीनला मी जन्मात हात लावला नव्हता, पण हाताला सगळं माहीत होतं. दांडी फिरवली, तुकडे फडक्यावर ओळीनं मांडले, गरम पाणी घातलं. तेवढ्यात पाटलांचा गडी आला. "पाटलांकडं पाव्हनं आल्यात. असशील तसा चल."

मी दातेरी पट्टी उन्हाकडं धरली आणि एक डोळा मिटला. दोन केस अजून अडकले होते.

"सांग पाटलास्नी," मी म्हणालो, "हत्यार साफ केल्याबिगर उठता येत न्हाई."

मी बाभळीचा काटा उचलला.